उणे चाळीस

आमच्या मोटारीत वेगमापकाच्या शेजारी इंजिनाच्या आकाराचा एक छोटा पिवळा दिवा आहे. किल्ली फिरवली की तो क्षणभर उजळतो आणि इंजिन सुरू होताच विझतो. नऊ वर्षे त्याने हे काम निमूटपणे केले. दहाव्या वर्षी, २०२४ च्या मे महिन्यातील एका शनिवारी सकाळी, तो उजळला आणि विझलाच नाही.

दिवस अडचणीचा होता. दुसऱ्या दिवशी श्रीरामपूरला जाऊन मला थोरल्या बहिणीला आणायचे होते. सोमवारी पुण्यात तिच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली होती. तारीख मोठ्या मिनतवारीने मिळालेली. अक्काला बसचा प्रवास आता झेपत नाही.

माझ्या मनात पहिला विचार आला तो दोष कोठे आहे याचा नव्हे, तर कोणाचा आहे याचा! तीन आठवड्यांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका तरुण मेकॅनिकने गाडीचे ऑइल बदलले होते. मी त्याला फोन लावला आणि अक्काची अडचण सांगता सांगता नको ते बोलून गेलो. "पैसे मोजून घेता आणि कामे अशी करता!" तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, मी दुसऱ्या कशाला हात लावला नव्हता. पण गाडी घेऊन या, बघतो." मी फोन ठेवून दिला.

गाडी दुसऱ्याच एका वर्कशॉपमध्ये नेली. तेथे बॉनेट उघडून पाहण्याआधीच नवा सेन्सर, वायरिंग आणि दोन दिवस असा हिशेब सांगण्यात आला. मी तेथून निघालो आणि क्वार्टर गेटवरून नाना पेठेत शिरलो. सुट्या भागांच्या दुकानांनी गजबजलेल्या त्या भागात एक वयस्क मेकॅनिक आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात.

चाचांनी आधी मलाच प्रश्न विचारले. दिवा स्थिर आहे की लुकलुकतो? गाडी धक्के देते का? लाल दिवा एखादा लागला आहे का? स्थिर पिवळा दिवा म्हणजे लवकर दाखवून घ्या. लुकलुकणारा म्हणजे इंजिनात इंधन नीट पेटत नाही, गाडी पुढे दामटू नका. आणि ऑइलचा लाल दिवा लागला तर जागीच थांबा, असे त्यांनी समजावले.

हा पिवळा दिवा मुळात धुरासाठी जन्मला, हेही मला ठाऊक नव्हते. मोटारीने स्वतःच आपल्या दोषांवर पाळत ठेवावी, ही सक्ती अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना पूर्णपणे लागू झाली. आपल्याकडे ती टप्प्याटप्प्याने आली. २०१० साली ज्या तेरा शहरांत भारत स्टेज चारचे नियम प्रथम लागू झाले, त्यांत आपले पुणेही होते. ज्या वेताळ टेकडीवर आपण सकाळी फिरायला जातो, तिच्याच परिसरात १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन मोटारींच्या धुराच्या चाचण्या घेते.

चाचांनी स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या जागेत स्कॅनर जोडला. पडद्यावर पी ०११३ हा आकडा आला आणि त्याखाली इंजिनात जाणाऱ्या हवेचे तापमान : उणे चाळीस अंश. बाहेर नाना पेठ उन्हाने भाजून निघत होती!

"सेन्सर गेला?" मी विचारले.

"सेन्सर गेला असे हा आकडा म्हणत नाही," चाचा म्हणाले. "त्याचा निरोप पोहोचत नाही, एवढेच म्हणतो."

मग त्यांनी उलगडा केला. हवा जितकी थंड, तितका त्या सेन्सरचा विद्युत्‌विरोध वाढतो. तार कोठे सुटली तर विरोध जणू अमर्याद होतो, आणि संगणक त्याचा अर्थ कडाक्याची थंडी असा लावतो. बिचारा यंत्रगणक खोटे बोलत नव्हता; तुटक्या निरोपावरून त्याने निष्कर्ष काढला होता, इतकेच.

किल्ली बंद करून चाचांनी एअर फिल्टरच्या डब्यालगतचा कपलर बोटांनी हलवला. तो सहज निसटून हातात आला. आतल्या पिना स्वच्छ होत्या. गंज नव्हता, वाकलेली पिन नव्हती. त्यांनी तो पुन्हा बसवून दाबला. टक् असा बारीक आवाज झाला. पडद्यावरचा आकडा उणे चाळीसवरून पंचेचाळिसावर आला.

"हा टक् आवाज झाल्याशिवाय खटका बसत नाही," ते म्हणाले. "वरवर बसलेला दिसतो, चार दिवस चालतो, मग खड्ड्यांनी सैल होतो. फिल्टर कोणी काढला होता?"

मी उत्तर दिले नाही. दहा दिवसांपूर्वी, निवृत्त माणसाच्या हौसेने, फिल्टर झटकण्यासाठी तो डबा मीच उघडला होता. तो कपलर याच हातांनी काढला आणि लावला होता.

चाचांनी दिवा पुसून टाकला. न पुसता सोडला असता तरी सलग तीन फेऱ्यांत दोष न आढळल्यास तो आपोआप विझतो, म्हणाले. स्कॅनर लावल्याचे दोनशे रुपये घेतले. दाबल्याचे काही घेतले नाही.

घरी जाण्याआधी मी त्या तरुणाच्या गॅरेजवर गेलो. चूक माझी होती, हे वाक्य वाटेत अनेकदा जुळवले होते. प्रत्यक्षात ते अडखळतच बाहेर पडले. शेजारी त्याचा मदतनीस पोरगा ऐकत उभा होता. ते बरेच झाले. फोनवरचे माझे बोलणेही त्याच्या कानी गेले असणार.

तरुणाने हात पुसले. "काका, उद्या अक्कांना आणायला निघणार ना? थांबा, टायरची हवा बघून देतो," एवढेच तो म्हणाला.

अक्काचा डोळा आता उत्तम आहे. मोटारीचा दिवाही रोज सकाळी क्षणभर उजळून विझतो. तो विझेपर्यंत मी मात्र थोडा थबकतो. भर उन्हाळ्यात उणे चाळीसचा निष्कर्ष काढणारा त्या शनिवारी एकटा संगणकच नव्हता.