काचेला कड कुठून येते

काचेच्या बाटलीचा फोटो काढायचा म्हटलं की हात आधी दिव्याकडे जातो. बाटली टेबलावर, डावीकडून एक मोठा सॉफ्टबॉक्स, उजवीकडे थर्माकोल, झालं काम. साबणाची वडी, चप्पल, चिनी मातीची बरणी यांना एवढं पुरतं. अंगावर पडलेला प्रकाश या वस्तू चहूकडे विखुरतात आणि त्यातला थोडा आपसूक कॅमेऱ्याकडे येतो. काच असं काही करत नाही. साध्या काचेवर प्रकाश समोरून पडला तर एका पृष्ठभागावरून जेमतेम चार टक्के परत फिरतो, उरलेला बहुतेक सगळा आरपार निघून जातो. जे चार टक्के फिरतात तेही आरशावरून परतल्यासारखे एकाच दिशेने जातात. म्हणजे समोरून दिवा लावून मिळतं काय, तर दिव्याचंच एक जळलेलं पांढरं चित्र, आणि त्याच्या मागे कुठेतरी बाटली. हे काम करता करता माझं मत पक्कं होत गेलं आहे की बाटली उजळायची नसतेच. बाटलीला जे जे दिसतं ते उजळायचं किंवा काळं करायचं; आकार त्यातून उमटतो.

हा पेच नवा नाही. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटचं ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हे छायाचित्रांचं पुस्तक १८४४ पासून भागाभागांनी निघालं. त्यात चिनी मातीची भांडी एका चित्रात आहेत आणि काचेची दुसऱ्या. काचेची छाप कागदावर वेगळ्याच तऱ्हेने पडते, हे त्याने तेव्हाच नोंदवून ठेवलं होतं. त्याला निदान दोन चित्रं वेगळी ठेवता आली. आजच्या बाटलीच्या पोटावर कागदी लेबल चिकटवलेलं असतं, म्हणजे चिनी माती आणि काच एकाच वस्तूत आली. लेबलला समोरचा प्रकाश हवा, काचेला तो नको.

आधी काचेचं पाहू. गोल बाटली नुसता आरसा असती तरी ती अवघड ठरली असती. तिचा पृष्ठभाग मधोमध कॅमेऱ्याकडे तोंड करून असतो आणि कडेला येईपर्यंत काटकोनात वळलेला असतो. त्यामुळे समोरचा कॅमेरा, बाजूची खिडकी, छतावरची ट्यूबलाइट, फोटोग्राफरचा पांढरा शर्ट, सगळं त्या अरुंद अंगावर दाटीवाटीने उमटतं. त्यात बाटली भरलेली असली की ती भिंगही होते. पाण्याने भरलेल्या बाटलीच्या मधून जाणारा किरण जवळजवळ सरळ जातो, पण कडेला घासून जाणारा किरण ऐंशी अंशांच्या आसपास वळतो. म्हणून बाटलीच्या मध्यात आपल्याला तिच्या मागचं दिसतं आणि कडेला दिसतं ते बरंच बाजूचं, चौकटीच्या पार बाहेरचं. माझा सगळा युक्तिवाद या एका गोष्टीवर उभा आहे. फोटोत बाटलीची कड जिथे दिसते, तिथला उजेड किंवा अंधार फोटोत नसलेल्या जागेतून आलेला असतो.

पांढऱ्या पार्श्वभूमीवर हे लगेच तपासता येतं. बाटलीच्या मागे दुधी अ‍ॅक्रिलिकचा पत्रा किंवा ट्रेसिंग पेपर ताणून त्याच्यामागे दिवा लावायचा. हा उजळ भाग भिंतभर असेल तर बाटलीच्या कडांनाही पांढरंच दिसतं, आणि पारदर्शक काच पांढऱ्यात विरघळून जाते. आता दोन्ही बाजूंनी काळे माऊंटबोर्ड आत सरकवत आणायचे, उजळ भाग चौकटीएवढाच उरेपर्यंत. कडांवर काळी रेघ उमटते. बोर्ड आणखी आत आणले तर रेघ जाड होते, बाहेर नेले तर बारीक. दिव्याची ताकद कितीही वाढवली तरी ही रेघ येत नाही, उलट पांढरं फुटून काचेवर सांडतं आणि असलेली रेघही जाते. अ‍ॅमेझॉनसारख्या बाजारांना मुख्य फोटोत निखळ पांढरी पार्श्वभूमी लागते. तिथे बाटल्या भुतासारख्या फिक्या दिसतात त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं: पांढरं भरपूर मिळालं, काळं द्यायला कोणी राहिलं नाही. काळ्या पार्श्वभूमीवर सगळं उलटं करायचं. मागचा उजेड मोठा ठेवायचा आणि त्याच्या मधोमध चौकटीएवढा काळा तुकडा. कडा उजळतात, पोट काळं राहतं. रिकाम्या, कोरीव काचेला हे फार शोभतं. मात्र बोटाचा एकेक ठसा आणि धुळीचा एकेक कण चमकून वर येतो, म्हणून हातमोजे घातल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

रंगीत द्रव आला की याच नियमाचा एक पोटनियम लागतो. कोकमाच्या आगळाचंच घ्या. बाटलीत ते इतकं गडद दिसतं की मागचा पांढरा उजेड त्यातून नीट पार होत नाही, आणि फोटोत लाल ऐवजी काळपट थारोळं येतं. आगळात पाणी घालून ते पातळ करा, असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. गिऱ्हाईक जे विकत घेणार तेच बाटलीत असावं. त्यापेक्षा चंदेरी कागदाचा तुकडा बाटलीच्या आकारात कापून तिच्या पाठीशी तिरका उभा करावा आणि वरून किंवा बाजूने एक दिवा फक्त त्याच्यावर मारावा. तुकडा बाटलीपेक्षा बराच अरुंद असला तरी चालतो, कारण भरलेली बाटली त्याला आडवा फुगवून दाखवते. उभ्या दिशेने मात्र ती काहीच वाढवत नाही, तेव्हा उंची मापात हवी. एवढं केलं की आगळ आतून पेटल्यासारखं लाल होतं. इथेही दिवा बाटलीवर नाहीच, बाटलीला दिसणाऱ्या कागदावर आहे.

यावर पहिला आक्षेप पोलरायझरचा. प्रतिबिंबं नकोत ना, मग फिल्टर फिरवा आणि पुसून टाका. पण पोलरायझर एका ठरावीक कोनाभोवतीच नीट काम करतो. डेव्हिड ब्रूस्टरने १८१५ मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे साध्या काचेसाठी तो सुमारे ५६ अंश येतो. सपाट काचेवर हा कोन जुळवता येतो. गोल बाटलीवर कोन इंचाइंचाला बदलतो, तेव्हा एका उभ्या पट्टीतलं प्रतिबिंब जातं आणि शेजारचं राहतं. आणि समजा सगळी प्रतिबिंबं गेलीच, तर काच ही काच आहे हे सांगणारं काय उरलं? बाटलीच्या खांद्यावरून खाली उतरणारी लांब, हळूहळू विरणारी पांढरी पट्टी काचेची ओळख आहे. ती पुसायची नसते, घडवायची असते. स्ट्रिपबॉक्स आणि बाटली यांच्या मध्ये ट्रेसिंग पेपर धरून दिव्याचा झोत त्याच्या एका कडेकडे वळवला की ती पट्टी एका बाजूने धारदार आणि दुसऱ्या बाजूने मऊ होते.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: या सगळ्या शिस्तीने बाटल्या एकसारख्या, निर्जीव दिसू लागतात, खिडकीच्या उन्हात ठेवलेली बाटली अधिक खरी वाटते. ती खरी वाटते हे मान्य. पण ती चांगली कधी दिसते ते पाहावं. ऊन मागून किंवा बाजूने येत असतं आणि खोलीचा उरलेला भाग अंधारा असतो तेव्हा. म्हणजे काळे बोर्ड तिथेही आहेत, फक्त ते भिंतीचे आहेत. चहूकडून उजेड येणाऱ्या, पांढऱ्या भिंतींच्या खोलीत तीच बाटली नेऊन पाहावी. कापडी लाइट टेंटमध्ये काचेचं जे होतं तेच तिथे होतं: सगळीकडे सारखा पांढरेपणा आणि कड नाही. तेव्हा एकसारखेपणाचा दोष मांडणाऱ्याचा; काळी रेघ किती जाड, कुठे तुटलेली, डावीकडे जास्त की उजवीकडे, यात निवडीला भरपूर जागा आहे.

राहिला संगणक. लेबलचा एक फोटो, काचेचा एक, द्रवाचा एक, आणि नंतर थर जोडायचे, ही पद्धत आता रुळली आहे आणि मला तिच्यात काही गैर वाटत नाही. लेबल आणि काचेचं भांडण मिटवायचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे, कारण लेबलसाठी लावलेल्या समोरच्या दिव्याचं काचेवरचं प्रतिबिंब त्या थरातून कापून टाकता येतं. कॅमेरा ट्रायपॉडवरून हलला नाही आणि बाटली तसूभर सरकली नाही म्हणजे झालं. पण काचेच्या थरात कड आली नसेल तर ती नंतर रंगवावी लागते, आणि हाताने रंगवलेली कड बाटलीच्या मानेपाशी, जिथे जाडी बदलते आणि प्रकाश वेडावाकडा वळतो, तिथे उघडी पडते. पूर्ण बाटली संगणकातच घडवणारे लोकही प्रकाश-किरणांचा हिशेब करणारी सॉफ्टवेअर वापरतात. त्या हिशेबात काच तशीच वागते, म्हणून त्यांनाही कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर पांढरे पडदे उभे करावे लागतात, आणि त्यांच्या दोन्ही अंगांना काळ्या पट्ट्या.