मातोश्रींचें लुगडें

जुन्या वस्त्राचें मोल गोधडी शिवणारासच कळतें. नवें कापड कडक असतें. वर्षानुवर्षें धुतलेलें सुती लुगडें मात्र अंगास मऊ लागतें. अशा लुगड्यांचे थर अंथरून कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत गेलें, म्हणजे थरांमध्यें हवा कोंडून राहते व तीच ऊब देते.

यंदा आम्ही दोन गोधड्या शिवल्या. पहिली भगिनीच्या तान्हुल्यासाठीं. ती शिवतांना आमचा वाघ्या दोऱ्याचीं रिळें पळवी, आणि मोती अंथरलेल्या कापडाच्या बरोबर मध्यावर निजे. त्यास उठविल्यावांचून टांका पुढें सरकत नसे.

दुसरी गोधडी मोतीचीच. तो आतां १३ वर्षांचा असून त्याची दृष्टि गेली आहे. रात्रीं तो घरभर चाचपडत फिरे व कण्हत असे. दिवंगत मातोश्रींचें हिरवें लुगडें पेटींत जपून ठेविलेलें होतें. तें कुत्र्याखालीं घालावें काय, यावर घरांत बराच वाद झाला. परंतु मोतीला लहानपणीं भाकर भरविली ती त्यांनींच. शेवटीं लुगडें निघालें.

पहिल्या रात्रीं मोतीनें गोधडी फार वेळ हुंगली, तीन वेळां स्वतःभोंवतीं फिरला आणि निजला. त्यानें काय ओळखलें, तें तोच जाणे. घरास मात्र झोंप लागली.

मुलांनो, जुनें लुगडें टाकण्यापूर्वीं आजीस विचारा. सुई कशी धरावी, हेंही ती सांगेल.