आजीच्या मेंदूचीं चित्रें

आमच्या सातिवलीच्या घरांत आजीचा शब्द अखेरचा असे. तुंगारेश्वरच्या डोंगरावर ढग कसे चढले, यावरून पाऊस केव्हां येईल तें ती सांगे. गांवांत कोणाचें लग्न कोणत्या सालीं झालें, हेंही तिला मुखोद्गत असे. तीच आजी एके दिवशीं शेगडीवर दूध ठेवून विसरली. पुढें किल्ल्या हरवूं लागल्या आणि त्या चोरल्याचा आळ आम्हांवर येऊं लागला. एके सायंकाळीं, जेवून घटकाभरही झाला नसतां, 'मला कोणी जेवूं घातलें नाहीं,' असें ती शेजारणीस सांगूं लागली. तेव्हां आम्ही रागानें ओरडलों, "आजी, तूं हें मुद्दाम करतेस!" ती कांहींच बोलली नाहीं, पदराच्या टोंकाशीं चाळा करीत बसली.

वडिलांनीं तिला मुंबईस एका रुग्णालयांत नेलें. सोबत आम्हीही होतों. डॉक्टरांनीं प्रथम साल, महिना, नातवंडांचीं नांवें असे साधे प्रश्न विचारले. नंतर एम्. आर. आय. यंत्रांत तिची तपासणी झाली. प्रबळ चुंबक व रेडिओलहरी यांच्या साहाय्यानें तें यंत्र मेंदूचीं चित्रें काढतें. क्ष-किरणांचा त्यांत उपयोग नाहीं. कानशिलांच्या आंतल्या बाजूचा 'हिप्पोकॅम्पस' नांवाचा लहानसा भाग डॉक्टरांनीं आम्हांस दाखविला. नव्या आठवणी साठविण्याचें काम बव्हंशीं त्याच्यावर अवलंबून असतें. आजीचा तो भाग वयाच्या मानानें फार आक्रसला होता. मेंदूंत गांठ किंवा रक्तस्राव नाहीं, हेंही त्याच चित्रांवरून कळलें. सर्व तपासून त्यांनीं रोगाचें नांव सांगितलें : अल्झायमर.

हें नांव एका जर्मन डॉक्टरांचें. १९०१ सालीं फ्रँकफुर्ट येथें औगुस्ट डेटर ही ५१ वर्षांची बाई अलॉइस अल्झायमर यांच्या देखरेखीखालीं आली. तिच्या विस्मरणाचें मूळ त्यांना पाहतां आलें तें १९०६ सालीं, ती निवर्तल्यावर, सूक्ष्मदर्शकाखालीं. जिवंत माणसाच्या मेंदूंत डोकावण्याचा असा मार्ग तेव्हां नव्हता. आज तो आहे. वसई रोडहून आगगाडीनें सहज जातां येईल अशा परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्यें २००२ सालीं भारतांतील पहिलें 'पेट' यंत्र आलें. या तपासणीसाठीं शर्करेसारख्या द्रव्यास किरणोत्सर्गी फ्लुओरीन-१८ जोडून तें टोंचतात. तें सुमारें ११० मिनिटांनीं निम्में होतें, म्हणून तें तयार करण्याचें ठिकाण फार दूर असून चालत नाहीं. मेंदूचा जो भाग शर्करा कमी घेतो, तो चित्रांत मंद दिसतो. त्याच वर्षीं स्वीडनमधील उप्साला येथें, अल्झायमर यांनीं मृत मेंदूंत पाहिलेले साके जिवंत रुग्णाच्या मेंदूंत पाहण्यांत आले.

या चित्रांनीं आजी बरी झाली नाहीं. सुधारणा झाली ती आमच्यांत. 'मुद्दाम' हा शब्द आम्हीं पुन्हां उच्चारला नाहीं. जेवल्यावर ती पुन्हां जेवण मागते, तेव्हां आम्ही वाद न घालतां तिच्या हातांत एक केळें देतों. किल्ल्या हरवल्या म्हणजे तिच्याबरोबर शोधूं लागतों. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या घरींही कोणी वडीलधारें असें विसरूं लागलें, तर रागावण्यापूर्वीं त्यांस डॉक्टरांकडे न्या.

परवां आजीनें आम्हांस आमच्या वडिलांच्या नांवानें हांक मारली. आम्हीं 'ओ' दिली.