काकांचे ३६०० पिक्सेल

आधीच सांगतो, मी कॉन्व्हेंटवाला. 'एकोणसत्तर' म्हणजे ५९ की ६९, हे मला आजही थांबून आठवावं लागतं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला!

तर झालं असं, आमच्या हॉस्टेलचे वॉचमन काका रिटायर होणार होते. गॅदरिंगच्या शेवटी पडद्यावर त्यांचा मोठ्ठा फोटो दाखवायचं ठरलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं. "कॉम्प्युटरचा आहेस ना, मग कर!" शोधून शोधून एक ग्रुप फोटो सापडला. काका एकदम कडेला. चेहरा कापून घेतला, तो भरला जेमतेम ६० बाय ६० पिक्सेल. प्रोजेक्टर १९२० बाय १०८०चा. ताणून पडद्याच्या उंचीइतका केला, तर एकेका पिक्सेलला १८ बाय १८ची जागा भरावी लागली. काकांची मिशी म्हणजे नुसता धूसर पट्टा!

रूममेट म्हणाला, "रिझोल्यूशन ७२ आहे, ३०० कर." केलं. पडद्यावर काहीच फरक नाही. रात्री दोनला ट्यूब पेटली. हा आकडा फक्त छापताना कामाचा, एका इंचात किती पिक्सेल बसवायचे ते सांगणारा. पडदा त्याला विचारतच नाही, तो नुसते पिक्सेल मोजतो. मग ७२ आला कुठून? डीटीपीत १ इंचाचे ७२ पॉइंट, आणि १९८४च्या मॅकिन्टॉशच्या स्क्रीनवरही इंचाला ७२च पिक्सेल. एक पॉइंट, एक पिक्सेल, हिशोब सोपा. पुढे विंडोजने ९६ धरले, २०१०च्या आयफोन ४ने एका पॉइंटच्या जागी ४ पिक्सेल बसवले. जोडी कधीच मोडली, ७२ मात्र लोकांच्या डोक्यातून गेला नाही.

थोडक्यात, काकांचे पिक्सेल ३६००. पूर्ण पडद्याला लागतात २० लाख ७३ हजार ६००. मधले सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. पण कॅमेऱ्याने जे टिपलंच नाही, ते आणणार कुठून?

आणि मग खरा प्रश्न पडला. अडीच वर्षांत आम्ही हजारो फोटो काढले, त्यात काकांचा एकही धड का नाही? कारण प्रत्येक वेळी मोबाईल त्यांच्याच हातात दिलेला असायचा, "काका, एक काढा ना!"

तसाच खाली गेलो. काका गेटवर जागेच होते.

"काका, फोटो काढायचाय."

त्यांनी सवयीने हात पुढे केला. "आण इकडं. कुठं उभा राहतोस?"

"माझा नाही, तुमचा."

काका क्षणभर गप्प. मग म्हणाले, "थांब, टोपी घालतो."