तेलाचे तापमान आणि चालकाचा कान

कोलोरॅडो राज्यात सिल्व्हरथॉर्नपासून आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत महामार्ग ७० ची जी सुमारे आठ मैलांची चढण आहे, ती काही ठिकाणी सात टक्क्यांपर्यंत, म्हणजे शंभर फूट पुढे गेल्यावर सात फूट वर इतकी उभी होते आणि बोगद्याच्या पश्चिम तोंडाशी ११,१५८ फुटांची उंची गाठते. पिकअपच्या मागे राहण्याच्या सोयीचा ट्रेलर जोडून ही चढण चढणाऱ्या चालकाची नजर रस्त्याखालोखाल ट्रान्समिशनच्या तेलाचे तापमान दाखवणाऱ्या काट्यावर असते. मात्र काटा जे सांगतो ते घडून गेलेले असते. तेल तापते एका ठिकाणी आणि मोजले जाते दुसऱ्या ठिकाणी, बहुतेक गाड्यांत तळाच्या तेलपात्रात, जिथे गरम तेल कूलरमधून फिरून, निवून परत आलेले असते. प्रस्तुत लेखकाने या कामात काट्यापेक्षा कानावर अधिक भिस्त ठेवली. वयपरत्वे तो कान मंदावल्यामुळे, जे आजवर ऐकून कळत होते ते नेमके काय होते याचा विचार करणे भाग पडले, आणि हा लेख त्या विचारातून आला आहे.

उष्णतेचा उगम टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आहे. हेरमान फॉटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली जहाजांसाठी ज्याचे पेटंट घेतले, त्या यंत्राचाच हा वंशज असून त्यात इंजिनाला जोडलेले पात्यांचे चक्र तेल फेकते आणि गिअरबॉक्सला जोडलेले दुसरे चक्र त्या तेलाच्या माऱ्याने फिरते. दोन चक्रांच्या वेगांत जो फरक राहतो त्याला घसरण म्हणतात, आणि घसरणीत गेलेली शक्ती तेलाच्या घुसळणीतून उष्णता होऊन बाहेर पडते. पिकअप आणि ट्रेलर मिळून सहा टन वजन सात टक्क्यांच्या चढणीवर ताशी ४५ मैलांनी न्यायचे तर वारा आणि टायरांचा विरोध धरून चाकांपाशी सुमारे ११० किलोवॅट शक्ती लागते. कन्व्हर्टरमध्ये बारा टक्के घसरण असेल तर सुमारे १५ किलोवॅट उष्णता, म्हणजे घरातील दोन किलोवॅटचे सात-आठ गीझर एकाच वेळी लावावेत इतकी, अवघ्या दहा-अकरा लिटर तेलात ओतली जाते. कूलर नसता आणि धातूने काही शोषले नसते, तर मिनिटाभरात हे तेल चाळीस अंश सेल्सिअसहून अधिक तापले असते.

या उष्णतेवरचा खरा उपाय कन्व्हर्टरच्या आतच असतो. दोन्ही चक्रांना थेट जोडून टाकणारा एक क्लच तिथे बसवलेला असतो. तो लागला की घसरण जवळजवळ संपते आणि राहिलेली उष्णता केवळ गिअर, पंप व बेअरिंग यांच्या घर्षणाची असते. चालकांच्या बोलण्यात यालाच ‘लॉक लागणे’ म्हणतात. तो लागताना अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवला असूनही इंजिनाचे फेरे मिनिटाला दोन-तीनशेने खाली येतात आणि आवाजातील एक सैल, पुढे पळणारा सूर आवळला जाऊन गाडीच्या वेगाशी जुळतो. लॉक सुटला की तोच सूर पुन्हा वर निसटतो. काटा हलायला मिनिट लागेल, पण कानाला हे त्या क्षणी कळते, आणि ज्याला ते कळते तो काटा हलण्याआधीच एक गिअर खाली येऊन लॉक परत लावून घेतो. कसारा किंवा खंबाटकी घाटात हाताने गिअर टाकत शिकलेल्या माणसाला ही जाण वेगळी शिकावी लागत नाही. इंजिन गुदमरण्याआधी गिअर उतरवायचा, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते.

सर्वांत चिवट अडचण मात्र सात टक्क्यांच्या चढणीवर येत नाही, ती तीन-चार टक्क्यांच्या चढणीवर येते. उभ्या चढणीवर चालक सावध असतो, ट्रेलर ओढण्यासाठी दिलेली ‘टो-हॉल’ कळ दाबलेली असते, गिअरबॉक्स खालच्या गिअरमध्ये लॉकसह स्थिर होतो आणि इंजिन चार हजार फेऱ्यांवर गर्जत असले तरी तेल सुखी असते, कारण त्या फेऱ्यांबरोबर तेलाचा पंपही जोरात फिरून कूलरकडे अधिक तेल ढकलतो. मध्यम चढणीवर वरचा गिअर थोडा अपुरा आणि खालचा थोडा जास्त पडतो. मग यंत्रणा वरच्याच गिअरमध्ये राहून लॉक सोडते, घसरणीतून मिळणाऱ्या जादा टॉर्कवर भागवते, वेग आला की लॉक लावते आणि वेग पडला की पुन्हा सोडते. वायोमिंगमध्ये लॅरमीकडून रॉलिन्सकडे महामार्ग ८० ने जाताना समोरून येणारा पश्चिमेचा वारा ट्रेलरच्या सपाट छातीवर असा आदळतो की सपाट वाटणारा रस्ताही चढण होतो, आणि काहीही कठीण चालले आहे असे न वाटता काटा अंश-अंशाने चढत राहतो. अशा वेळी टो-हॉल कळ पुरेशी नसते. सर्वांत वरचे दोन गिअर हातानेच बंद करावे लागतात, आणि हा निर्णय कधी घ्यायचा, किती मैल आधी घ्यायचा, हे कोणत्याही पुस्तिकेत सापडत नाही. त्या प्रश्नापाशी प्रस्तुत लेखकाचा विचार पुन्हा पुन्हा येऊन थांबतो, कारण तिथे रस्ता, वारा, वजन आणि इंधन यांपैकी प्रत्येकाचे म्हणणे वेगळे असते.

जुन्या पिकअपमध्ये तेल जितके थंड तितके बरे, असे मानले जाई. तेलाचे तापमान सुमारे १० अंश सेल्सिअसने वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते, हा ठोकताळा त्यामागे होता, आणि १७५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ८० अंश सेल्सिअस, ही आदर्श पातळी समजली जाई. अलीकडच्या अनेक गाड्यांत तेल कूलरकडे जाण्याआधी एक थर्मोस्टॅटिक झडप असते, जी पातळ सिंथेटिक तेल २०० अंश फॅरनहाइटच्या आसपास मुद्दामच ठेवते, कारण त्या तापमानाला घर्षण कमी होऊन इंधन वाचते. त्यामुळे काट्याचा आकडा एकटा फारसा अर्थपूर्ण राहिलेला नाही; तो किती वेगाने चढतो आणि माथा ओलांडल्यावर किती लवकर उतरतो, हे पाहावे लागते. २२५ अंशांवर स्थिर राहिलेला काटा काळजीचा नाही, मात्र २०५ वरून मिनिटागणिक चार अंश चढणारा काटा नक्कीच आहे. मोठ्यात मोठा कूलर बसवला की प्रश्न मिटला, असे सांगणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्याशी प्रस्तुत लेखकाचे कधीच पटले नाही. अकरा हजार फुटांवर हवा समुद्रसपाटीपेक्षा एक चतुर्थांशाहून अधिक विरळ असते, त्यामुळे कूलर तिथे तेवढाच उणा पडतो, आणि कडाक्याच्या हिवाळ्यात झडपेविना लावलेला मोठा कूलर तेलाला नीट तापूच देत नाही. कूलर उष्णता वाहून नेतो, घसरण मात्र थांबवत नाही.

घसरणीचा कळस होतो तो डोंगरावर नव्हे, मुक्कामाच्या जागी. चढाच्या खडीवर ट्रेलर मागे घ्यायचा असतो, वेग माणसाच्या चालीपेक्षाही कमी असतो, समोरून वारा नसतो, आणि रिव्हर्समध्ये लॉक लागत नाही. गिअरबॉक्सकडचे चक्र जवळपास थांबलेले असताना इंजिनाची बहुतेक सगळी शक्ती तेल तापवण्यातच जाते. घाट निर्धोक चढून आलेला काटा शेवटच्या शंभर यार्डांत सर्वाधिक वर गेलेला दिसतो तो यामुळेच. चार चाकांना शक्ती देणाऱ्या पिकअपमध्ये इथे ‘फोर-लो’, म्हणजे वेग कमी करून जोर सुमारे अडीचपट वाढवणारी खालची श्रेणी, लावावी. इंजिनाला तेवढाच कमी टॉर्क द्यावा लागतो आणि घसरण एकदम घटते. कोरड्या डांबरावर वळणे घेताना ही श्रेणी चाके व शाफ्ट आवळून धरते, म्हणून ती खडी-मातीपुरतीच ठेवावी.

ओढण्याच्या क्षमतेचे आकडे आज ज्या जे-२८०७ या अमेरिकी प्रमाणानुसार ठरतात, त्यात अ‍ॅरिझोनातील डेव्हिस डॅमची लांब चढण एअरकंडिशनर पूर्ण चालू ठेवून, मागे एकेरी चाके असलेल्या पिकअपने ताशी ४० मैलांच्या खाली न येता चढायची असते. टोयोटाने २०११ च्या गाड्यांना ते प्रथम लावले, आणि हे प्रमाण आले हे चांगलेच झाले, कारण तोपर्यंत प्रत्येक उत्पादक आपापल्या मापाने बोलत असे. पण ग्राहक त्यातून वजनाचा एक आकडा उचलतो आणि तेवढे ओढता येते म्हणजे ओढायला येते, असे धरून चालतो. दुसरीकडे अनेक गाड्यांतून गिअरबॉक्सचे तेल तपासण्याची पट्टी नाहीशी झाली, तिच्यावरचा थेंब बोटांत घेऊन लाल रंग तपकिरी झाला का, करपट वास येतो का, हे पाहण्याची सवय गेली, आणि काही गाड्यांचे काटे तर मधल्या मोठ्या पट्ट्यात मुद्दाम स्थिर ठेवलेले असतात, म्हणजे चालकाने घाबरू नये. चालकाला अज्ञानात ठेवून शांत करणे ही या क्षेत्रातली सर्वांत मोठी घसरण आहे.

कान मंदावल्यानंतर प्रस्तुत लेखक १९९६ पासून अमेरिकेतील गाड्यांना सक्तीच्या झालेल्या निदान-जोडणीत वाचक-यंत्र लावून घसरणीचे फेरे पडद्यावर पाहतो, आणि ते कानाहून अचूक आहेत. तरीही शेजारच्या मार्गिकेतून डिझेल पिकअपवाले भराभर वर जात असताना खालच्या गिअरमध्ये संथपणे चढत राहण्यात, आणि आपण यंत्र ऐकतो, इतर ते नुसते हाकतात, असे मनाशी म्हणण्यात जो अहंकार होता, तो गेलेला नाही; किंबहुना यंत्राने ते ऐकणे अनावश्यक केल्याचे दुःख उष्णतेच्या काळजीपेक्षा मोठे आहे, हे मान्य करावे लागते. पण अहंकारापायी ज्ञान अडवून धरण्यात अर्थ नाही. लॉक लागला आहे की सुटला आहे, हे गाडीच्या संगणकाला क्षणोक्षणी ठाऊक असते. उत्पादकांनी तापमानाच्या काट्याशेजारी त्यासाठी एक साधा दिवा द्यावा, म्हणजे पहिल्यांदाच ट्रेलर जोडणाऱ्या माणसालाही गिअर कधी उतरवायचा हे तेल तापण्याआधी कळेल.