मर्यादा हा शेजारधर्मच

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन ‘परम रुद्र’ महासंगणक राष्ट्राला अर्पण झाले. सुमारे १३० कोटी रुपयांच्या या यंत्रांची बातमी आनंदाचीच होती. तरीही यंत्राच्या आकाराइतकाच मोलाचा प्रश्न मला वाटतो तो त्याच्या वाटपाचा. कारण माझा रोजचा संबंध एका लहान, सामायिक सर्व्हरशी येतो.

माझे बिऱ्हाड जयपूरच्या मानसरोवर वसाहतीत आहे. दूरच्या एका संशोधनगटाचे काम मी येथून करतो. त्या सर्व्हरवर प्रत्येकाचे गणित स्वतंत्र कंटेनरमध्ये चालते. कंटेनर वेगळा म्हणजे वाटाही ठरलेला, असा अनेकांचा समज असतो. परंतु डॉकर आपणहून कोणतीच मर्यादा घालत नाही. एकदा एका कंटेनरमधील असंख्य लहान प्रक्रियांनी मिळून सारी मेमरी व्यापली. यंत्र वाचवण्यासाठी लिनक्सच्या कर्नलने सर्वांत मोठी एकटी प्रक्रिया बंद केली, आणि ती होती एका निरपराध विद्यार्थिनीची. तिची तीन रात्रींची आकडेमोड वाया गेली. त्यानंतर सर्व्हरची देखभाल माझ्याकडे आली.

आता ‘डॉकर स्टॅट्स’ या आज्ञेने कोण किती वापरतो ते मी आधी पाहतो, आणि ‘डॉकर अपडेट’ने चालू कंटेनरलाच मर्यादा घालतो, तो थांबवावा लागत नाही. मात्र दोन मर्यादांचा स्वभाव भिन्न आहे. प्रोसेसरची मर्यादा गाठली की काम केवळ मंदावते. मेमरीची मर्यादा ओलांडली आणि जागा मोकळी झाली नाही, तर त्याच कंटेनरमधील प्रक्रिया मारली जाते. शेजाऱ्याला झळ लागत नाही. मेमरीचा वाटा वाढवताना स्वॅपची मर्यादाही सोबत वाढवावी लागते, अन्यथा आज्ञा नाकारली जाऊ शकते.

या सोयीचा पाया म्हणजे कर्नलमधील ‘सीग्रुप’. गूगलमधील पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये ते काम आरंभले. जानेवारी २००८ च्या २.६.२४ या आवृत्तीत ते कर्नलमध्ये आले. लगेच पुढच्या आवृत्तीत मेमरीचे नियंत्रण आले. त्याच्या मूळ फाइलीच्या शिरोभागी लेखक म्हणून पहिले नाव आहे आयबीएमचे बलबीर सिंग यांचे, आणि त्याखाली पावेल एमेल्यानोव यांचे. जगभरच्या सर्व्हरांवर आज हीच यंत्रणा राबते.

आमच्या वसाहतीला बीसलपूर धरणाचे पाणी येते. नळाला थेट मोटर लावणाऱ्याची टाकी भरते आणि वरच्या मजल्यावरचा हंडा कोरडा राहतो. तेवढ्यासाठी नवे धरण कोणी बांधत नाही. संगणनशक्तीचेही तसेच आहे. वाचकहो, आपल्या संस्थेत नव्या यंत्राची मागणी होईल तेव्हा जुन्या यंत्रावरील प्रत्येकाचा वाटा कोणी ठरवला आहे, हेही अवश्य विचारा. कोणाच्या तरी तीन रात्री त्यावर अवलंबून असतात.