कुरूप

कुरुपाला हे नाव कोणी दिले कोण जाणे! दिसायला ते इतके काही वाईट नसते. तळव्यावर एक पिवळट, कठीण ठिपका. मध्ये खिळ्याच्या डोक्यासारखी खूण. सुश्रुताने त्याला ‘कदर’ म्हटले आणि ४४ क्षुद्ररोगांच्या यादीत टाकून दिले. क्षुद्र! असले कुरूप घेऊन त्याने गोंदियाच्या बाजारातून एकदा चालून पाहायला हवे होते.

आमच्या बाबांना ते होते. तिरोड्याकडे आमची धानाची शेती. (तेव्हा आम्ही भंडारा जिल्ह्यातले, गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १९९९ साली.) पावसात पऱ्हे उपटून चिखलात रोवणी करायची, आणि कापणीनंतर त्याच बांधीतली धसकटे अनवाणी तुडवायची. खड्याने किंवा काट्याने पाय दुखावला की बोराएवढी ही गाठ धरते, असे सुश्रुत सांगतो. त्याने आमची बांधी पाहिली असावी! उपायही त्याचा रोखठोक : गाठ शस्त्राने काढायची आणि ती जागा तापल्या तेलाने डागायची.

बाबांना सुश्रुत ठाऊक नव्हता. त्यांनी रानातला बिबा दाभणाला टोचून दिव्यावर धरला आणि ठिबकते तेल कुरुपावर घेतले. ते शेजारच्या कातडीवर ओघळले. सारा पाय फोडांनी भरला. त्या वर्षीची रोवणी आईने एकटीने उरकली. बाबा बांधावर पाय पसरून बसत, आणि तिच्याकडे पाहायचे टाळीत.

पन्नास वर्षांनी मला कुरूप झाले ते मात्र तंग बुटांनी. एका वैद्यांकडे डागून घ्यायला गेलो. शलाका तापत होती.

“फार दुखतं?”

“पूर्वी दुखायचं. आता मुळीच नाही,” मी ऐटीत म्हणालो.

वैद्यांनी शलाका बाजूला ठेवली. मला डोळे मिटायला लावले. “कापूस लागला की सांगा.” मी वाट पाहत राहिलो. डोळे उघडले तेव्हा कापूस अंगठ्यावरच होता.

“साखर कधी तपासलीत?”

साखर निघाली. मधुमेहात पाय असा बधिर होतो. त्यावर डाग दिला तर जखम चिघळायची, कधी पायच जायचा. वैद्यांनी मला डॉक्टरांकडे धाडले आणि जोडे सैल घ्यायला सांगितले. बिब्याचे तर नावही काढू दिले नाही.

आता रोज रात्री नात बॅटरी घेऊन माझे तळवे पाहते. परवा तिला टाचेत बाभळीचा काटा सापडला. केव्हा रुतला होता, मला पत्ताच नाही. तिने तो चिमट्याने हळूच ओढला आणि विचारले, “दुखलं का हो आजोबा?”

मी “हो” म्हणालो.